दोरा ओढू नका

गाईनं तार गिळली तर काय होतं, हे यावल तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुट्टीतून, पेंडीच्या पोत्यातून, उकिरड्यावरच्या उष्ट्यातून खिळा किंवा तारेचा तुकडा पोटात जातो आणि पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात बसतो. त्या कप्प्याला लागून श्वासपटल, आणि त्याच्या पलीकडे काही अंगुळांवर हृदय. गाय चारा सोडते, पाठ वाकवून उभी राहते, उतारावरून चालायला कचरते. अशा जनावराच्या पोटात लोहचुंबक सोडायची पद्धत जुनी आहे. लोखंड चुंबकाला चिकटून जागच्या जागी राहतं आणि टोचायचं थांबतं. प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन फुगलेल्या गाई तर आपल्या बाजारपेठेत रोज दिसतात. महाराष्ट्र सरकारनं २०१८च्या मार्चमध्ये पिशव्यांवर बंदी घातली, पण गाईंचा चरण्याचा पत्ता काही बदलला नाही.

गाईबद्दलचं हे शहाणपण मात्र मांजराला लावता येत नाही. गाय जिभेनं चाऱ्याचा घास ओढते आणि फारसं न चावता गिळून टाकते, रवंथ नंतर निवांत. तिच्या घासात काय आलं हे तिला कळतच नाही. मांजर याच्या अगदी उलट. ताटलीतलं दूध जरा शिळं असेल तर नाक फिरवून निघून जाणारा प्राणी. मग हाच प्राणी दोरा, रबर, राखीचा गोंडा, समईची वात हे सगळं पोटात कसं घालतो?

उत्तर जिभेवर आहे. मांजर हात चाटतं तेव्हा कानस फिरल्यागत वाटतं, ते जिभेवरच्या काट्यांमुळे. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच हे काटे, आणि सगळ्यांची टोकं घशाच्या दिशेनं वळलेली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की हे काटे टोकाला पोकळ असतात. तोंडातली लाळ त्या पोकळीत भरून ती केसांच्या मुळापर्यंत पोचवली जाते. अंग चाटून स्वच्छ करायला आणि हाडावरचं मांस खरवडायला अशी जीभ उत्तम. पण तिच्यावर लांब, मऊ, ओला दोरा आला की तो एकाच दिशेनं सरकतो: आत. थुंकून टाकायची सोय मांजराला जवळजवळ नाहीच. खेळता खेळता दोऱ्याचं टोक तोंडात गेलं, की एक घोट, दुसरा घोट, तिसरा घोट, आणि रीळ रिकामं. खोडी म्हणून सुरू झालेलं प्रकरण जिभेच्या रचनेमुळे जेवण होऊन बसतं.

या प्रकरणातली माझी मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण काही वाचक मांजर मांडीवर घेऊनच हे पान उघडतील. लोक नाण्याला, बटणाला, सुईला घाबरतात. दोऱ्याला कोणी घाबरत नाही. मांजराच्या बाबतीत घाबरायचं ते आधी दोऱ्याला.

दोरा पोटात गेल्यावर त्याचं एक टोक कुठेतरी अडकतं. पुष्कळदा तो जिभेच्या बुडाशी वेढा घालून बसतो, नाहीतर जठराच्या शेवटच्या तोंडाशी त्याची गुंतवळ अडून राहते. दुसरं टोक मात्र अन्नाबरोबर पुढे आतड्यात जातं. आतड्याचं काम आलेलं पुढे ढकलायचं, ते ढकलत राहतं. दोरा मागून बांधलेला असल्यानं पुढे जात नाही, आणि मग आतडंच दोऱ्यावर चढत मागे येतं. परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडतात, तशा मीटर-सव्वा मीटर लांबीच्या त्या लहान आतड्याला चुण्या पडतात. ताणलेला दोरा प्रत्येक चुणीच्या आतल्या काठावर घासतो. दर लाटेबरोबर थोडं थोडं कापत जातो. एका जागी नव्हे, अनेक जागी बारीक भोकं पडतात, आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत सांडते आणि जंतुसंसर्ग पसरतो. या थराला गेलेलं मांजर वाचवणं फार अवघड.

आता तोंडातून लोंबणारा दोरा धरून ओढला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. बाहेरून आपण तीच नाडी ओढत असतो. शेपटीखाली दोऱ्याचं टोक दिसलं तरी नियम तोच. घरातल्या मोठ्या माणसाला ते टोक बघून हात शिवशिवतात, ‘थोडासा तर आहे, काढून टाकतो’ असं वाटतं. आत किती आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. ओढू नका. तोंडाकडचं टोक कापूही नका. डॉक्टरांना ते टोक हवं असतं, कारण त्यावरून दोरा कुठे अडकला आहे हे कळतं. मांजरानं राहिलेलाही गिळू नये म्हणून कोणीतरी सोबत बसून लक्ष ठेवावं आणि तसंच दवाखाना गाठावा.

आपल्याकडच्या घरांत दोऱ्याला तोटा नाही. गोधडी शिवायला घेतली की सुईदोरा चार दिवस खाटेवर पडलेला असतो. केळीच्या बागेतून आलेल्या माणसाच्या खिशात झाडं बांधायच्या सुतळीचे आणि प्लास्टिकच्या पट्टीचे तुकडे असतात, ते ओसरीवर रिकामे होतात. संक्रांतीला पतंगाचा मांजा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७च्या जुलैमध्ये देशभर बंदी घातली ती पक्ष्यांमुळे आणि माणसांच्या गळ्यांमुळे, पण तोच मांजा गच्चीवरून गोळा होऊन कोपऱ्यात पडतो आणि मांजराच्या पोटात जातो. तो कुजत नाही, तुटत नाही, साध्या सुती दोऱ्यापेक्षा धारदार असतो. राखीपौर्णिमेनंतर राख्या, लग्नसराईत मुंडावळ्यांच्या लडी, गणपतीनंतर आरासीची चमकी.

आणि देवघर. तुपात भिजवलेली वात मांजराच्या दृष्टीनं खाण्याचीच वस्तू आहे. एखादी फुलवात गिळली तर बहुतेक वेळा ती विष्ठेतून निघून जाते. समईची लांब वात हा दोराच समजा. मटण-कोंबडी बांधून आणलेल्या दोऱ्याचंही तसंच. रस्सा किंवा रक्त लागलेला दोरा केराच्या डब्यातून उकरून काढायला मांजराला शिकवावं लागत नाही.

गिळताना बघितलं, किंवा गिळलं असावं असा दाट संशय आला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? मांजराला एका खोलीत घेऊन दार लावा. घाबरलेलं मांजर पत्र्यावर किंवा माळ्यावर जाऊन बसलं तर दिवस वाया जातो. जी वस्तू गेली तिचा जोड शोधा: त्याच रिळाचा उरलेला दोरा, दुसरं कानातलं, औषधाची पट्टी, खेळण्याचा तुटका भाग. तो पिशवीत घालून सोबत न्या. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न ‘काय गिळलं’ हा विचारतील आणि दुसरा ‘कधी’. वस्तू जठरात असेपर्यंत ती वरून काढता येण्याची शक्यता असते, आतड्यात उतरली की बहुतेक वेळा पोटच उघडावं लागतं. म्हणून वेळेला इतकं महत्त्व. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत खायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

मांजराला श्वासच घेता येत नसेल, तोंड वासून धाप लागली असेल, जीभ निळसर पडली असेल, तर ती गोष्ट निराळी. वस्तू तेव्हा अन्ननलिकेत नसून श्वासमार्गात अडकलेली असते. तोंड उघडून अगदी पुढे दिसणारी वस्तू चिमट्यानं निघाली तर काढा, दिसत नसेल तर बोट खोल घालून ती आणखी आत ढकलू नका, आणि मिळेल त्या वाहनानं निघा.

इथेच एक इशारा. लाळ गळणारं, घास गिळता न येणारं, तोंडाशी पंजा मारणारं प्रत्येक मांजर दोऱ्याचंच असतं असं नाही. पिसाळलेल्या जनावराचीही लक्षणं अशीच दिसू शकतात. मांजर भटकं असेल, त्याला रेबीजची लस दिलेली नसेल, स्वभाव अचानक बदलला असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. मांजराची काळजी त्यानंतर.

आता घरगुती उपायांकडे येऊ, कारण नुकसान बहुधा तिथेच होतं. पोरानं नाणं गिळलं की त्याला केळी चारायची ही आपल्याकडची जुनी रीत, आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात केळ्यांना काय कमी! घरात घड टांगलेलाच असतो. मांजराला मात्र केळं दाखवून उपयोग नाही. मांजराला गोड चव लागतच नाही. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली त्याचं कारण शोधलं. गोडाची जाणीव करून देणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे. वाघ आणि चित्ताही याच पंक्तीतले. मग केळं कुस्करून जबरदस्तीनं तोंडात कोंबलं जातं, मांजर धडपडतं, आणि घास चुकून श्वासनळीत जातो.

तेलातुपाचं तर त्याहून वाईट. ‘तूप पाजा, सरकन निघून जाईल’ असा सल्ला शेजारून हमखास येतो. धरून पाजलेलं तेल फुफ्फुसात उतरलं तर तिथे जी सूज येते ती लवकर हटत नाही. गिळलेल्या वस्तूनं झालं नसतं ते पाजलेल्या तेलानं होतं. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या, एनिमा यांतलं काहीही नको. आतडं जोरात ढकलू लागलं की दोरा आणखी कापतो, हे वर आलंच आहे.

उलटी करवणं हा तिसरा मोह. मिठाचं पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजायचा सल्ला मुळात कुत्र्यांच्या मालकांसाठीचा. मांजराच्या जठराला त्यानं रक्तस्राव होईल अशी इजा होते. टोकदार वस्तू उलटीबरोबर वर येताना अन्ननलिका फाडते आणि बॅटरी वर येताना दुसऱ्यांदा भाजते. मांजराला उलटी करवायची इंजेक्शनं वेगळी असतात, ती डॉक्टर देतात, आणि तीही वस्तू कोणती हे बघून.

वस्तूगणिक धोका बदलतो. आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस पोलादाची असतात. विषारी नाहीत, पण मांजराच्या आतड्यात मावत नाहीत, तेव्हा जठरात राहून उलट्या करवतात. शर्टाचं गुळगुळीत बटण बहुधा निघून जातं. सोन्याचा बारीक मणी किंवा खड्याची चमकी निरुपद्रवी, सोनं पोटात विरघळत नाही. जळगाव ही सोन्याची पेठ असल्यानं इथल्या घरात आधी सोन्याची चिंता होते आणि मग मांजराची, हे मी समजू शकतो. दोन-तीन दिवस विष्ठा पाण्यात कालवून गाळणीनं गाळा, सोनं परत मिळेल. आकडा असलेलं कानातलं आणि पोतीचा दोरा मात्र डॉक्टरांकडचं काम. केसांचं रबर आणि पाकिटाचं रबरबँड तरुण मांजरांना फार आवडतं. एक गेलं तर बहुधा निघून जाईल, पण ही सवय असते, आणि चार-पाच रबरं जठरात एकत्र होऊन गोळा बनतो. फोमची चप्पल कुरतडणाऱ्यांचंही तेच.

खेळण्यातली, रिमोटमधली चपटी बटण-बॅटरी गिळली असेल तर पुढचा परिच्छेद वाचायला थांबू नका. ती अन्ननलिकेत अडकली तर ओल्या त्वचेतून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि तास-दोन तासांत भोक पडण्याइतकं भाजतं. लोहचुंबकाचंही तसंच, पण एकापेक्षा जास्त असले तर. गाईला तारणारा चुंबक मांजराच्या पोटात दोनाच्या संख्येनं गेला, की आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंती चिरडून टाकतात.

विषाचा विषय मोठा आहे, इथे दोनच गोष्टी. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आपलं यकृत ते औषध ज्या वाटेनं निकामी करतं ती वाट मांजराकडे नाही. रक्त तपकिरी पडतं, हिरड्या निळसर होतात, तोंड सुजतं. उतारा आहे, पण तो काही तासांच्या आतच कामाचा. दुसरं, उंदीर मारायची काळी पावडर, झिंक फॉस्फाइड. तिच्यातून पोटात विषारी वायू निघतो. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर गाडीच्या काचा उघड्या ठेवा, तो वायू माणसालाही बाधतो.

दवाखाना कुठला? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची बांधणी गाई-म्हशी, शेळ्या, बैल यांच्यासाठी आहे. १९६२ या क्रमांकावर येणारी फिरती पथकंही मुख्यतः त्यांच्याचसाठी. मांजर तिथे नेऊ नये असं मी म्हणत नाही. पदवीधर पशुवैद्य मांजराची जीभ उचलून बुडाशी दोरा आहे का हे बघू शकतो, पोट चाचपून चुण्या पडलेलं आतडं ओळखू शकतो, शिरेतून सलाइन देऊ शकतो. आधी हेच करून घ्यावं. मात्र लहान प्राण्याचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि भूल देऊन पोट उघडायची सोय लागली, तर तापी ओलांडून भुसावळ किंवा जळगाव गाठावं लागतं. भुसावळ वीसेक किलोमीटरवर, जळगाव त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. तिथे कोण मांजराची शस्त्रक्रिया करतं हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. अडचणीच्या प्रकरणात भुसावळहून नागपूरच्या रेल्वेमार्गावर अकोला आहे, तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. मुंबईच्या मार्गावर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ पासूनचं. पण फाटलेल्या आतड्याला अकोल्यापर्यंत थांबायला वेळ नसतो.

प्रवासाला खास पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिकचे कॅरेट तोंडाला तोंड लावून बांधा, आत जुनं फडकं घाला. बांधायला सुतळी वापरलीत तर तिची टोकं बाहेर ठेवा, आत लोंबली तर मांजर तीही खाईल! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असतो. उलट्यांनी आधीच शरीरातलं पाणी गेलेल्या मांजराला दुपारी बारा वाजता बंद खोक्यात घालून मोटारसायकलवर नेणं हाच एक आजार आहे. थांबता येत नसेल तर ओलं फडकं वरून टाका आणि हवा खेळती ठेवा.

एक्स-रे काढला आणि काही दिसलं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. धातू लख्ख दिसतो. दोरा, रबर, प्लास्टिक, कापड फिल्मवर बहुधा उमटत नाहीत. डॉक्टर मग आतड्याच्या आकारावरून, आत अडकलेल्या हवेच्या वेड्यावाकड्या बुडबुड्यांवरून अंदाज बांधतात, किंवा सोनोग्राफी करतात. म्हणून ‘दोरा खाताना मी बघितला’ हे तुमचं वाक्य पुष्कळदा फिल्मपेक्षा मोलाचं ठरतं. सुईसकट दोरा गेला असेल तर उलटा घोळ होतो. सुई फिल्मवर ठळक दिसते, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं, आणि सुई निघाली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. दोरा पूर्ण निघाला का, हे विचारा.

गिळताना कोणी बघितलंच नाही, तर ओळखायचं कसं? मांजर दुखणं लपवतं. अंधाऱ्या जागी, खाटेखाली, धान्याच्या कोठीमागे पाय पोटाखाली घेऊन बसून राहतं. खाणं सोडतं. दिवसातून तीन-चार वेळा उलटी, कधी पिवळी, कधी नुसता फेस. केसांच्या गोळ्याची उलटी एकदा होते आणि मांजर पुन्हा जेवायला येतं. इथे ते येत नाही. उचलताना पोटाला हात लागला की गुरगुरतं. विष्ठा थांबते, किंवा थोडी रक्ताळ होते. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली तर उद्याची वाट बघू नका. पोटातली वस्तू राहू द्या बाजूला, नुसतं उपाशी राहणंही मांजराला सोसत नाही. दोन-तीन दिवस अन्न गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि कावीळ होते. गुबगुबीत बोक्यांना हा धोका जास्त.

डॉक्टरांनी तपासून ‘वाट बघू’ म्हटलं, तर वाट बघण्याचीही रीत आहे. मांजर घरातच, नेहमीचं खाणं, आणि मातीचा किंवा वाळूचा ट्रे. तो रोज दोनदा उकरायचा. गुळगुळीत लहान वस्तू एक ते तीन दिवसांत, क्वचित आठवड्यानं बाहेर पडते. वस्तू दिसल्याशिवाय ‘गेली असेल’ असं समजायचं नाही.

शस्त्रक्रियेला लोक बिचकतात. एका जागी अडकलेलं बटण किंवा रबर काढायला आतड्यावर एक छेद पुरतो, आणि निरोगी तरुण मांजर चार-पाच दिवसांत पुन्हा हिंडू लागतं. दोऱ्याला दोन-तीन ठिकाणी छेद घ्यावे लागतात, आतडं काळं पडलं असेल तर तेवढा भाग कापून जोडावा लागतो. खर्च आणि धोका दोन्ही दिवसागणिक वाढतात. मांजरासाठी कुठे एवढं, हा प्रश्न आपल्याकडे कोणीतरी विचारतंच. धान्याच्या कोठीवर वर्षभर उंदरांपासून पहारा करणाऱ्या प्राण्याबद्दल तो विचारला जावा, हे मला विचित्र वाटतं.

वारंवार कापड चघळणारी, लोकर चोखणारी, प्लास्टिक चाटणारी मांजरं असतात. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिल्लांत ही सवय जास्त दिसते, सयामी जातीतही दिसते. पोटात जंत, रक्तक्षय किंवा नुसता कंटाळा, यांपैकी कशानंही ती वाढते. अशा मांजराला रागावून उपयोग नाही. तपासून घ्या, आणि दोऱ्याचा खेळ तुम्ही स्वतः हातात धरून खेळवा, संपला की कपाटात ठेवा. सुईदोऱ्याला झाकणाचा डबा, केराच्या बादलीला झाकण, आणि निरांजन शांत झाल्यावर उरलेल्या वाती उचलून ठेवणं, एवढ्यानं निम्म्याहून जास्त काम होतं.

आणि एक काम आजच करा, मांजर धडधाकट असताना. भुसावळ-जळगावातल्या दोन पशुवैद्यांना फोन करून तीन प्रश्न विचारा: मांजर बघता का, एक्स-रे आहे का, रात्री किंवा रविवारी शस्त्रक्रिया होते का. ज्यांच्याकडून तिन्हींना होकार मिळेल त्यांचा नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.